नक्कल करायलाही अक्कल लागते: एका कमांडमध्ये ॲपचा अख्खा सेटअप क्लोन होतो, तेव्हा सोबत काय काय जातं?

17 जून 2021 ची संध्याकाळ. एचबीओ मॅक्सच्या अनेक ग्राहकांच्या इनबॉक्समध्ये एक विचित्र ईमेल येऊन पडला. विषय होता ‘इंटिग्रेशन टेस्ट ईमेल #1’. आत ना ऑफर, ना नवीन सिरीजची जाहिरात. हा नमुना फक्त चाचणीसाठी आहे, एवढ्या अर्थाची एक ओळ. लोकांनी ट्विटरवर धमाल उडवली. कंपनीने चूक मान्य केली आणि हो, हे खरंच एका इंटर्नकडून झालं, असंही सांगून टाकलं. मग कित्येक डेव्हलपर मंडळींनी त्या इंटर्नला धीर देण्यासाठी स्वतःच्या जुन्या चुकांचे किस्से लिहायला सुरुवात केली.

तुमच्याही फोनवर कधीतरी ‘टेस्ट’ एवढंच लिहिलेलं नोटिफिकेशन आलं असेल. आपण हसतो, स्वाइप करतो, विसरतो. पण त्या एका नोटिफिकेशनचा अर्थ असा असतो की चाचणीसाठी असलेली गोष्ट खऱ्या लोकांच्या यादीपर्यंत पोहोचली. आज ‘टेस्ट’ पोहोचलं. उद्या त्याच वाटेने तुमचं बिल, तुमचा ओटीपी किंवा तुमचा पत्ता भलतीकडे जाऊ शकतो.

ही वाट कशी तयार होते, ते आज समजून घेऊया. कारण हल्ली एखाद्या ॲपचा पूर्ण सेटअप कॉपी करायला फक्त एक ओळ टाइप करावी लागते. कॉपी सोपी झाली, तशी कॉपीसोबत नको ते जाणंही सोपं झालं.

आधी हे समजून घ्या: एन्व्हायर्नमेंट म्हणजे काय?

नाटकाचं उदाहरण घेऊ. आधी एखाद्या हॉलमध्ये साध्या कपड्यांत तालमी होतात. मग रंगीत तालीम होते: नेपथ्य, प्रकाश, संगीत, वेशभूषा, सगळं खऱ्यासारखं. फक्त प्रेक्षक नसतात. आणि मग प्रयोग.

ॲपचंही तसंच असतं. डेव्हलपर जिथे मोडतोड करतात ते ‘डेव्हलपमेंट’. रंगीत तालीम म्हणजे ‘स्टेजिंग’. आणि तुम्ही-आम्ही जे वापरतो ते ‘प्रॉडक्शन’, ज्याला सगळे प्रॉड म्हणतात. तिन्ही ठिकाणी ॲपचा कोड जवळपास तोच असतो. मग फरक कुठे असतो? कॉन्फिगरेशनमध्ये. म्हणजे डेटाबेस कोणता वापरायचा, पेमेंट कुठल्या खात्यातून जाणार, ईमेल कोणत्या सर्व्हरवरून सुटणार, कोणतं फीचर चालू आणि कोणतं बंद, आणि या सगळ्या दारांच्या किल्ल्या, म्हणजे पासवर्ड आणि एपीआय की. या सगळ्या सेटिंग्जचा जो गठ्ठा, त्याला एन्व्हायर्नमेंट म्हणतात.

आपल्याकडे कॉलेज प्रोजेक्टसाठी पेमेंट गेटवे जोडलेल्या कुणालाही हे माहीत असतं. रेझरपे दोन वेगवेगळ्या किल्ल्या देतं, एक टेस्टची आणि एक लाइव्हची. टेस्टच्या किल्लीने कितीही वेळा ‘पेमेंट’ करा, एक रुपयाही हलत नाही. लाइव्हची किल्ली टाकली की खरे पैसे कापले जातात. ॲप तेच, बटण तेच, कोडही तोच. बदललेली एकच ओळ.

कॉन्फिगरेशन कोडपासून वेगळं ठेवा, हा सल्ला नवा नाही. 2011 मध्ये हेरोकू कंपनीच्या अनुभवातून ‘ट्वेल्व्ह फॅक्टर ॲप’ नावाची बारा नियमांची यादी तयार झाली, त्यात हा नियम आहे. त्यासाठीची कसोटी मजेशीर आहे: तुमचा सगळा कोड या क्षणी जगासमोर उघडा केला, तर एकही पासवर्ड बाहेर पडायला नको. त्याच यादीतला आणखी एक नियम सांगतो की डेव्हलपमेंट, स्टेजिंग आणि प्रॉड शक्य तितकं सारखं ठेवा. तालमीला वेगळा सेट आणि प्रयोगाला वेगळा असेल, तर नट ऐन प्रयोगात धडपडणारच.

आता या दोन नियमांची ओढाताण बघा. सगळं सारखं ठेवायचं, पण किल्ल्या मात्र वेगळ्या. सारखं ठेवायचा सर्वात सोपा उपाय म्हणजे कॉपी. आणि कॉपी करताना किल्ल्याही येतात. आजच्या लेखाचा सगळा गुंता इथेच आहे.

एका ओळीत क्लोन

पूर्वी नवीन एन्व्हायर्नमेंट उभं करायचं म्हणजे एखादा सीनियर माणूस दोन दिवस बसायचा. जुन्या सर्व्हरवरच्या सेटिंग्ज बघून नव्यावर टाकायचा. चाळीसपैकी दोन राहून जायच्या आणि त्या कुठल्या, हे आठवडाभराने कळायचं. म्हणून ‘इन्फ्रास्ट्रक्चर ॲज कोड’ ही पद्धत आली: सर्व्हर, नेटवर्क, डेटाबेस हे सगळं हाताने क्लिक करत न बनवता फाइलमध्ये लिहायचं आणि कमांड लाइनवरून उभं करायचं. हाशिकॉर्प कंपनीचं टेराफॉर्म हे यातलं सर्वात गाजलेलं टूल. हा धंदा केवढा मोठा आहे बघा: आयबीएमने हाशिकॉर्प विकत घेण्यासाठी 6.4 अब्ज डॉलरचा सौदा केला आणि तो फेब्रुवारी 2025 मध्ये पूर्ण झाला.

याच क्षेत्रातली दुसरी कंपनी म्हणजे सिॲटलची पुलुमी. तिने 2023 मध्ये ‘पुलुमी ईएससी’ आणलं. ईएससी म्हणजे एन्व्हायर्नमेंट्स, सीक्रेट्स आणि कॉन्फिगरेशन. वर सांगितलेला सेटिंग्जचा गठ्ठा नाव देऊन एका जागी ठेवायचा, आणि ज्याला हवा त्याने परवानगीनुसार तिथून उचलायचा. पुढे त्यात क्लोन करायची कमांडही आली. टर्मिनलमध्ये ‘पुलुमी एन्व्ह क्लोन’ लिहायचं, पुढे जुन्याचं नाव, त्यापुढे नव्याचं नाव, आणि एंटर. झालं.

यात एक गोष्ट मला विशेष आवडली. या कमांडसोबत काही पर्याय देता येतात: जुन्या बदलांचा इतिहास जपा, टॅग जपा, आधी ज्या टीमला प्रवेश होता तो तसाच जपा. हे पर्याय तुम्ही स्वतः मागायचे असतात. म्हणजे टूल बनवणाऱ्यांनी विचार केलाय की कॉपी करताना प्रत्येक गोष्ट सोबत जायलाच हवी असं नाही. इतिहासात कदाचित जुने, चुकून टाकलेले पासवर्ड असतील. प्रवेशाच्या यादीत कदाचित असा माणूस असेल, ज्याला नव्या जागी काहीच काम नाही.

पण जो मुख्य मजकूर आहे, तो तर कॉपी होणारच. त्यासाठीच तर कमांड आहे. आत लाइव्हची किल्ली लिहिलेली असेल, तर नव्या ‘टेस्ट’ नावाच्या एन्व्हायर्नमेंटमध्येही तीच किल्ली येऊन बसते. नाव बदललं, आतलं बदललं नाही. वर्गमित्राची वही उतरवताना त्याचं नाव आणि रोल नंबरही उतरवणारा एक जण प्रत्येक वर्गात असतो ना, तसंच.

एका कॉपीने कंपनी वाचवली, ती गोष्ट

कॉपी म्हणजे धोकाच, असा समज करून घेऊ नका. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅबमध्ये काय झालं ते बघा. गिटलॅब म्हणजे जगभरचे प्रोग्रॅमर आपला कोड जिथे ठेवतात अशी सेवा. तिथला एक इंजिनिअर रात्री उशिरा डेटाबेसचा बिघाड निस्तरत होता. दोन सर्व्हर होते, एक मुख्य आणि एक दुय्यम. दुय्यम सर्व्हरवरचं फोल्डर रिकामं करायचं होतं. कमांड दिली, आणि मग लक्षात आलं की ती मुख्य सर्व्हरवर दिली गेली. थांबवेपर्यंत सुमारे 300 जीबीपैकी 4.5 जीबी उरला होता.

बॅकअप? ते रोज व्हायला हवे होते, पण आवृत्ती न जुळल्यामुळे ते अनेक दिवस अपयशी ठरत होते, आणि अपयशाचे ईमेल कुणापर्यंत पोहोचतच नव्हते. शेवटी वाचवलं कशाने? सुमारे सहा तास आधी त्याच इंजिनिअरने स्टेजिंगसाठी प्रॉडच्या डेटाची एक कॉपी घेतली होती. दुसऱ्याच कामासाठी. त्या कॉपीवरून सेवा परत उभी राहिली. तरी सहा तासांचा डेटा गेलाच: सुमारे 5,000 प्रोजेक्ट, 5,000 कॉमेंट आणि 700 नवीन खात्यांना फटका बसला. गिटलॅबने हे काही लपवलं नाही. दुरुस्तीचं काम चक्क यूट्यूबवर लाइव्ह दाखवलं आणि नंतर सविस्तर अहवाल लिहिला.

त्या अहवालातली एक बारीक गोष्ट आपल्या विषयासाठी सोन्यासारखी आहे. गिटलॅबमध्ये प्रॉडचा डेटा स्टेजिंगला नेताना त्यातले वेबहुक काढून टाकायची पद्धत होती. वेबहुक म्हणजे काहीतरी घडलं की बाहेरच्या दुसऱ्या सिस्टिमला आपोआप कळवणारा दुवा. ते तसेच राहिले असते, तर स्टेजिंगमध्ये केलेल्या खेळाचे निरोप खऱ्या ग्राहकांच्या सिस्टिमना गेले असते. म्हणजे एचबीओसारखी फजिती, पण मशीन ते मशीन. म्हणून ते काढायचे. पण त्या रात्री हीच कॉपी खऱ्याच्या जागी बसवायची वेळ आली, आणि वेबहुक परत आणायला वेगळी खटपट करावी लागली.

शहाण्या कॉपीत काय सोडायचं हे आधीच ठरलेलं असतं, आणि त्या सोडण्याची किंमतही असते. पण ती किंमत कुणीतरी विचार करून मोजलेली असते. आंधळ्या कॉपीत किंमत कुणीच मोजलेली नसते. ती नंतर कळते, आणि बहुतेक वेळा ती आपण भरतो.

एक किल्ली, दोन दारं

एकाच इमारतीतले दोन फ्लॅट डोळ्यांसमोर आणा. नकाशा तोच, खिडक्या त्याच, स्वयंपाकघर त्याच कोपऱ्यात. हे छान आहे. सुताराला एका फ्लॅटचं माप माहीत असेल तर दुसऱ्याचंही माहीत. पण दोन्ही दारांना एकच किल्ली चालत असेल तर? एका घरातल्या पाहुण्याला दुसरं घर उघडता येईल.

टेस्ट एन्व्हायर्नमेंटमध्ये पाहुणे जास्तच असतात. इंटर्न, बाहेरची टेस्टिंग एजन्सी, डेमो दाखवणारे सेल्सचे लोक. तिथे पहारा कमी असतो, कारण ‘ते काय, टेस्टचंच तर आहे’. म्हणून तिथे पडलेली प्रॉडची किल्ली सर्वात धोक्याची.

किल्ली भलत्या जागी पडली की काय होतं, हे उबरच्या प्रकरणात दिसलं. 2016 मध्ये हल्लेखोर उबरच्या इंजिनिअरांच्या खासगी गिटहब रिपॉझिटरीत शिरले. तिथे त्यांना ॲमेझॉनच्या क्लाउडची किल्ली सापडली, आणि त्या किल्लीने त्यांनी सुमारे 5 कोटी 70 लाख प्रवासी आणि ड्रायव्हरांची माहिती उचलली. जगाला हे कळलं नोव्हेंबर 2017 मध्ये, म्हणजे वर्षभराने. मुख्य दार कुणी फोडलंच नव्हतं. किल्ली जिथे नसायला हवी होती तिथे होती, एवढंच.

मग क्लोन करूच नये का?

करावं. पण दुसरा एक रस्ताही आहे, आणि तो अनेकदा जास्त बरा असतो. पुलुमी ईएससीमध्ये एका एन्व्हायर्नमेंटला दुसऱ्यातून ‘इम्पोर्ट’ करता येतं. म्हणजे जे सगळीकडे सारखं आहे, उदाहरणार्थ सर्व्हर कुठल्या विभागात आहे किंवा लॉग कुठे जातात, ते एका मूळ एन्व्हायर्नमेंटमध्ये लिहायचं. स्टेजिंग आणि प्रॉड दोघांनी ते तिथून घ्यायचं. आणि जे वेगळं आहे, मुख्यतः किल्ल्या, ते प्रत्येकाने आपापल्या जागी ठेवायचं.

दोन्हीतला फरक काळ गेला की जाणवतो. क्लोन म्हणजे झेरॉक्स. काढली त्या दिवशी मूळ कागदासारखीच, पण उद्या मूळ कागद बदलला तर झेरॉक्सला पत्ताच नसतो. सहा महिन्यांनी स्टेजिंगमध्ये सगळं नीट चालतं आणि प्रॉडमध्ये कोसळतं, कारण मधल्या काळात दोन्ही वेगळ्या दिशेने सरकलेले असतात. याला ‘ड्रिफ्ट’ म्हणतात. इम्पोर्टमध्ये मूळ बदललं की सगळीकडे बदलतं. पण त्याचा उलटा धोकाही लक्षात घ्या: मूळ जागी एक चूक केली, की तीही सगळीकडे पोहोचते.

तर साधा हिशोब असा. थोड्या दिवसांचा प्रयोग करायचाय, जुनं नाव बदलून नीट लावायचंय किंवा एखादा बग पकडण्यासाठी तशीच स्थिती हवी आहे, तर क्लोन करा. वर्षानुवर्षं सोबत चालणारी एन्व्हायर्नमेंट हवी असतील, तर सामाईक भाग इम्पोर्ट करा.

आता एआय कमांड देतोय

जुलै 2025 मधली रेप्लिटची बातमी तुम्ही वाचली असेल. रेप्लिटवर एआय एजंटला साध्या भाषेत सांगून ॲप बनवता येतं. सास्टरचे संस्थापक जेसन लेम्किन काही दिवस त्यावर ॲप बनवत होते. आता काहीही बदलू नकोस, असं बजावलेलं असताना एजंटने त्यांचा चालू डेटाबेसच पुसून टाकला. त्यात बाराशेहून जास्त अधिकाऱ्यांची माहिती होती. वर डेटा परत आणता येणार नाही, असंही एजंटने सांगितलं. प्रत्यक्षात तो परत आणता आला.

बहुतेक बातम्यांमध्ये चर्चा झाली ती ‘एआय खोटं बोलला’ याची. पण रेप्लिटचे सीईओ अमजद मसाद यांनी माफी मागताना जाहीर केलेल्या उपायांत काय होतं ते बघा: डेव्हलपमेंट आणि प्रॉडचा डेटाबेस आपोआप वेगळा ठेवणार. म्हणजे खेळायची जागा आणि खरी जागा यांच्यात भिंतच पुरेशी नव्हती. एजंट नसता आणि एखादा झोपाळलेला माणूस असता, तरी हे होऊ शकलं असतं. 2017 ला गिटलॅबमध्ये माणसाच्याच हातून झालं होतं.

इन्फ्रास्ट्रक्चरच्या टूलमध्येही आता एजंट येत आहेत. पुलुमीने 2025 मध्ये ‘निओ’ नावाचा एजंट आणला. हे थांबणार नाही आणि थांबायची गरजही नाही. पण माणूस कमांड टाइप करायचा तेव्हा एंटर दाबायच्या आधी त्याची नजर एकदा तरी नावावरून फिरायची. एजंट एका मिनिटात दहा क्लोन करेल. त्या दहांमध्ये किल्ली कोणती गेली, हे कोण बघणार? त्यामुळे भिंत माणसाच्या लक्षात किंवा एजंटच्या सूचनांमध्ये असून उपयोग नाही. ती परवानग्यांमध्ये असायला हवी. टेस्टमध्ये काम करणाऱ्याच्या हातात प्रॉडची किल्ली नसेलच, तर तो माणूस असो की एजंट, चुकला तरी नुकसान तालमीच्या हॉलपुरतंच राहील.

यात माझं काय जातंय?

तुम्ही डेव्हलपर नसाल तरी जातं. सेटिंग्जसोबत अनेकदा डेटाही कॉपी होतो, कारण खऱ्या डेटावर चाचणी करणं सोपं पडतं. तेव्हा तुमचं नाव, मोबाइल नंबर आणि ऑर्डरची यादी अशा जागी पोहोचते जिथे पहारा कमी आहे. तुम्ही ॲपमधून खातं डिलीट केलं, तरी त्या विसरलेल्या कॉपीत तुम्ही असू शकता.

आपल्याकडे 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा याच बाबतीत कामाचा आहे. माहिती ज्या कामासाठी संमती घेऊन घेतली त्याच कामासाठी वापरायची, हे त्याचं मूळ तत्त्व. पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले आणि कंपन्यांना मुख्य तरतुदींसाठी 18 महिन्यांची मुदत मिळाली. हा काळ कंपन्यांनी आपल्या जुन्या कॉपी शोधण्यात घालवला तर बरं. कारण कायदा प्रॉडमधला डेटा आणि टेस्टमधला डेटा असा भेद करत नाही. माणूस तोच, त्याची माहिती तीच.

आणि तुम्ही स्वतः प्रोजेक्ट करत असाल, हॅकेथॉनला जात असाल किंवा पहिल्या नोकरीत असाल, तर कुठल्याही टूलने क्लोन करताना पाच गोष्टी बघा:

1. आतल्या किल्ल्या टेस्टच्या आहेत की लाइव्हच्या? लाइव्हच्या असतील तर नवीन एन्व्हायर्नमेंट वापरायच्या आधी बदला.
2. इथून बाहेर काय जातं? ईमेल, एसएमएस, वेबहुक. ते बंद करा किंवा स्वतःच्याच पत्त्यावर वळवा.
3. खऱ्या लोकांचा डेटा आलाय का? आला असेल तर नावं-नंबर बदलून टाका, नाहीतर बनावट डेटा वापरा.
4. प्रवेश कुणाकुणाला मिळाला? जुनी यादी डोळे झाकून पुढे नेऊ नका.
5. ही कॉपी कधी पुसायची? तारीख आत्ताच ठरवा. ‘नंतर बघू’ म्हटलेली कॉपी कुणीच पुसत नाही.

एक ओळ टाइप करायला दहा सेकंद लागतात. या पाच प्रश्नांना दहा मिनिटं. गिटलॅबच्या त्या रात्री इंजिनिअरला चूक कळली तेव्हा कमांड देऊन एक-दोन सेकंदच झाले होते. तेवढ्यात जवळपास सगळं गेलं होतं.

म्हणून पुढच्या वेळी फोनवर ‘टेस्ट’ असं नोटिफिकेशन आलं, की हसा जरूर. पण एक स्क्रीनशॉट काढून त्या ॲपच्या सपोर्टला पाठवा. कुठेतरी तालमीच्या हॉलचं दार प्रेक्षागृहात उघडं राहिलंय, हे त्यांना कदाचित तुमच्याकडूनच पहिल्यांदा कळेल.